हो म्हणा, नाही म्हणा, पण तारीख सांगा

हे लिहितेय तो सप्टेंबर २०२५. येत्या १४ ऑक्टोबरला, मंगळवारी, मायक्रोसॉफ्ट विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद करणार आहे. त्यानंतर बरोबर आठवड्यानं लक्ष्मीपूजन. तिकडे बसून तारखा ठरवणाऱ्यांना दिवाळी अंक म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. २०१५ च्या जुलैत विंडोज १० बाजारात आली, तेव्हाच ही २०२५ ची तारीख त्यांनी जाहीर करून ठेवली होती. दहा वर्षांची नोटीस कोण देतं हो आजकाल!

माझी तक्रार आहे ती या तारखेच्या आड बसलेल्या इतरांबद्दल. ज्यांचं सॉफ्टवेअर आपण रोख पैसे मोजून घेतलेलं असतं आणि नव्या सिस्टीमवर ते चालेल की नाही, एवढंसं सांगायला ज्यांना महिनोन्‌महिने लागतात, त्या लोकांबद्दल.

मी पुण्यात, नारायण पेठेत, अक्षरजुळणीचं दुकान चालवते. पाटीवर लग्नपत्रिका, प्रबंध, हँडबिलं असं सगळं लिहिलंय. पण वर्षाचं खरं गणित ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत जमतं, दिवाळी अंकांच्या जिवावर. मशीन दोन, दोन्ही २०१७ सालची, इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरची. अजून ठणठणीत आहेत. पण विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप. म्हणजे माझ्या मशीनवर ११ चढणार नाही. नवी घ्यायला हवीत, आणि दुकानात आज जी नवी मशीन मिळतात त्यांत ११ च असते. ठीक आहे. पैसे बाजूला काढून ठेवलेत.

घेत का नाही, असं शेजारचे झेरॉक्सवाले विचारतात. घेत नाही, कारण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर एका लॉकवर चालतं. कंपनी त्याला डोंगल म्हणते, आम्ही धंद्यातले लोक लॉक म्हणतो. पेन ड्राइव्हसारखं दिसतं. ते मशीनला लावलं नाही तर मराठीचं एक अक्षर उमटत नाही. आता हे लॉक विंडोज ११ वर चालेल का, आणि सॉफ्टवेअरची माझ्याकडची आवृत्ती चालेल का, हे दोनच प्रश्न मी उन्हाळ्यापासून कंपनीला विचारतेय. उत्तर एकच: “मॅडम, टेस्टिंग चालू आहे. झालं की कळवतो.”

मुलगी बघून गेलेली मंडळी असं ‘कळवतो’ म्हणून जातात आणि मग ना होकार येतो ना नकार. वधूपित्याला दुसरं स्थळ बघायचीही चोरी होऊन बसते. माझं अगदी तसं झालंय.

आता कुणी म्हणेल, बाई, नवं मशीन आणा, लॉक लावून बघा. उधारीचं एखादं मशीन मिळालं तर बघताही येईल. पण ‘आज चालतंय’ आणि ‘चालणार आहे’ यांत फरक आहे, आणि तो धंदा करणाऱ्यालाच कळतो. लॉक ओळखायला विंडोजच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम लागतो, ड्रायव्हर. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. तिच्यावर ३२ बिटचं साधं सॉफ्टवेअर चालतं, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. त्यात २०१६ पासून अशा नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही लागते. शिवाय नव्या मशीनवर मेमरी इंटेग्रिटी नावाचा एक पहारा बहुतेकदा आधीपासून चालू असतो आणि जुन्या वळणाचा ड्रायव्हर दिसला की तो त्याला आत घेत नाही. पहारा बंद करता येतो. पण सुरक्षेसाठी म्हणून नवं मशीन घ्यायचं आणि पहिल्याच दिवशी त्याची सुरक्षा बंद करायची, हे कुठलं शहाणपण? आणि बंद करून चालवलं, तरी पुढच्या मोठ्या अपडेटनंतर, ऐन फर्मे छपाईला सुटत असताना लॉक ओळखेनासं झालं, तर फोन कुणाला लावायचा? “आम्ही कुठे म्हणालो होतो ११ वर चालतं म्हणून?” हे उत्तर त्यांच्याकडे तयार असणार. कारण ते खरंच तसं म्हणालेले नाहीत. काहीच म्हणालेले नाहीत.

यात दुसरी, जास्त खोल अडचण फायलींची आहे. आमच्याकडे २००३ पासूनची कामं आहेत. कादंबऱ्या, स्मरणिका, एका संस्थेचा शतकमहोत्सवी ग्रंथ. सगळं पेजमेकरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि तिथेच तो संपला, पण मराठी छपाईच्या धंद्यात तो पुढे कितीतरी वर्षं राबला. त्या फायलींतली मराठी ही संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले: पाऊण अक्षर इथे, काना तिथे, वेलांटी वेगळी. तोच फॉन्ट असला तर वाचता येतं, नसला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची अगम्य रांग. युनिकोडमध्ये हा प्रकार नाही. तिथे क म्हणजे कुठल्याही मशीनवर क च. देवनागरी तर युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच आली. पण ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये मराठी जोडाक्षरं नीट जुळायची सोय यायला २०१२ चं सीएस ६ उजाडलं. तोवर छपाईवाले आपापल्या कंपनीच्या फॉन्टमध्ये अडकले होते, आणि त्या फॉन्टच्या किल्लीला लॉक होतं.

जुनं मॅटर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. मी वापरते. पण ‘मूर्ती’सारखा साधा शब्द घ्या. जुन्या पद्धतीत रफार हा डोक्यावर शेवटी ठेवलेला एक तुकडा; युनिकोडमध्ये तो ‘र’ म्हणून ‘त’च्या आधी येतो. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. कन्व्हर्टरला हे सगळं उचलून जागच्या जागी ठेवावं लागतं आणि कुठेतरी तो चुकतोच. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधल्या अर्ध्या र ला तर त्याची हमखास ठेच लागते. म्हणजे चारशे पानांच्या कादंबरीचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचणं आलं. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढायची म्हणतो तेव्हा त्याला वाटतं, फाइल तर आहेच की तुमच्याकडे, फक्त प्लेटा काढायच्या. त्याला मी काय सांगू? जुनं सॉफ्टवेअर ११ वर चालणार असेल तर तीन दिवसांत देते. चालणार नसेल तर तीन आठवडे आणि प्रूफवाचनाचे वेगळे पैसे. हा हिशेब माझ्या हातात नाही.

मला हा मुद्दा समजावून सांगावा लागतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मी फुकट अपग्रेड मागतेय. फुकट नकोच. मला नकारही चालेल. मे महिन्यातच “तुमची आवृत्ती ११ वर चालणार नाही, नवी घ्या, एवढे पैसे पडतील” असं कुणी सांगितलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि कामाला लागले असते. आमच्याकडे टाइप करणाऱ्या ताईंचा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला आहे. बोटं इतकी पळतात की बघत राहावं. त्यांना युनिकोडच्या सवयी लावायच्या, जोडाक्षरं वेगळ्या रीतीनं पाडायला शिकवायचं, तर मे-जून हे शांत महिने होते. नकार मिळाला असता तर ते महिने सत्कारणी लागले असते. ‘कळवतो’मुळे ते नुसते गेले. आता सप्टेंबरात, अंकांची प्रूफं टेबलावर थप्पीनं पडलेली असताना, ताईंना मी नवा कळफलक शिकवू?

मोठ्या कंपन्या यात सोवळ्या आहेत असं नाही. २४ जून २०२१ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ ची घोषणा केली आणि आपलं मशीन चालेल का हे तपासायला एक छोटं ॲप दिलं. त्यात बटण दाबलं की ‘या मशीनवर विंडोज ११ चालणार नाही’ एवढंच यायचं. का चालणार नाही, ते नाही. चांगली महागडी, वर्ष-दोन वर्षांची मशीन घेतलेल्या लोकांनाही तेच. लोक टीपीएम म्हणजे काय ते शोधत सुटले, त्या चिपचे भाव काळ्या बाजारात चढले. चार दिवसांत ते ॲप मागे घ्यावं लागलं आणि नीट कारणं सांगणारं ॲप सप्टेंबरात आलं. तोवर ऑगस्टच्या अखेरीस सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरना आत घेतलं गेलं. त्यांतला एक मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्याच एका मशीनमध्ये होता, हा योगायोग म्हणायचा.

पण त्याच कंपनीची दुसरी बाजूही सांगायला हवी. गेल्या वर्षी विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं, तेव्हा काही गेम आणि डेस्कटॉपचे वॉलपेपर बदलणारी काही ॲप त्यावर अडखळत होती. मायक्रोसॉफ्टनं त्या मशीनवर अपडेट रोखून धरलं, आणि कुठल्या कारणानं रोखलं, कधी सोडलं याची यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. गेम खेळणाऱ्या मुलाला कळलं की आपण थांबलोय ते कशासाठी. माझ्या मराठी सॉफ्टवेअरचं नाव त्या यादीत कधीच येणार नाही. एवढी छोटी वस्तू त्यांच्या नजरेच्या टप्प्यात नाही. म्हणून तर ती जबाबदारी इथल्या कंपनीची.

नकार कसा द्यावा हे बघायचं तर ॲपलकडे बघावं. मी ॲपलची भक्त नाही. त्यांच्या मशीनच्या किमतीत माझं अख्खं दुकान सजेल. पण ३२ बिटची सॉफ्टवेअर बंद करणार हे त्यांनी २०१७ साली सांगितलं, २०१८ च्या एप्रिलपासून असं सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर सूचना द्यायला सुरुवात केली, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात मॅकची कॅटालिना ही आवृत्ती आली तेव्हा ती सॉफ्टवेअर खरोखरच बंद केली. लोक भडकले. कित्येकांचं जुनं काम अडकलं. पण ‘आम्हाला कुणी सांगितलं नाही’ असं कुणाला म्हणता आलं नाही. यंदाच्या जूनमध्येही त्यांनी सांगून टाकलं की मॅकच्या सिस्टीमची टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. इंटेलचा मॅक असलेल्या माझ्या चित्रकार मैत्रिणीनं ते ऐकलं, वैतागली, आणि वहीत हिशेब मांडून बसली. एवढंच तर हवं असतं माणसाला.

आमच्या कंपनीची बाजूही मला माहीत आहे. प्रोग्रॅमर मोजके, मराठी छपाईची बाजारपेठ लहान आणि त्यातही चोरी. याच पेठांत पेन ड्राइव्हवर फॉन्ट मागणारे आणि देणारे दोन्ही मी पाहिलेत. लॉक आलं ते त्या चोरीमुळेच. पण याचा परिणाम बघा: लॉक तोडलेली आवृत्ती वापरणारा आज कुणाच्याही उत्तराची वाट बघत बसलेला नाही. त्याच्या मशीनवर लॉकच नाही, मग ड्रायव्हरचा प्रश्न कुठला? वाट बघतेय ती पावती जपून ठेवणारी मी. प्रामाणिक गिऱ्हाइकाला दिलेलं हे बक्षीस कंपनीच्या लक्षात आणून दिलं, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला.

त्यांचं एक म्हणणं मात्र विचार करण्यासारखं आहे. विंडोज सतत बदलते, आज चालतं म्हणावं आणि पुढच्या अपडेटला बंद पडलं तर लोक आम्हालाच धरतील, म्हणून आम्ही बोलत नाही. खरं आहे. पण मी आयुष्यभराची हमी मागत नाही. अमुक तारखेला, विंडोजच्या अमुक आवृत्तीवर, अमुक मॉडेलचं लॉक लावून आम्ही तपासलं; टायपिंग चाललं, कन्व्हर्टर चालला, जुन्या पेजमेकरशी जमलं नाही. एवढी अर्ध्या पानाची नोंद. नव्या विंडोजच्या चाचणी आवृत्त्या बाहेर यायच्या आधी कुणालाही मिळतात, त्यासाठीचा कार्यक्रम मायक्रोसॉफ्ट २०१४ पासून चालवते आहे. आणि विंडोज ११ येऊन तर आता चार वर्षं होत आली. चार वर्षं टेस्टिंग चालू असेल तर ते टेस्टिंग नव्हे, टोलवाटोलवी आहे.

यंदा मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची सवलत दिली आहे. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील: तीस डॉलर भरा, किंवा त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट वळते करा, किंवा आपल्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवा म्हणजे फुकट. कंपन्यांना पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. दोन टेबलं आणि एक पंखा असलेलं माझं दुकान यांतल्या कुठल्या रांगेत बसतं, हा प्रश्न मी तूर्त विचारलेला नाही. उत्तर परवडलं नाही तर काय घ्या. सवलत चांगलीच आहे. पण तिचा पहिला लाभ कुणी घेतला असेल तर आमच्या सॉफ्टवेअर कंपनीनं. परवा फोनवर मला ऐकवण्यात आलं, “आता तुमच्याकडे वर्ष आहे की मॅडम!” माझी मुदत वाढली आणि घाई त्यांची गेली.

कायद्यानं काही होऊ शकतं का? बाहेर सुरुवात झालीय. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडायची वस्तू विकताना तिला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते सांगावं लागतं. युरोपीय महासंघाचा सायबर सुरक्षेचा नवा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल. त्यात सॉफ्टवेअरही आलं, आणि सांभाळ कुठल्या महिन्या-वर्षापर्यंत होणार हे खरेदीच्या वेळीच सांगायचं बंधन आलं. आपल्याकडे केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं. सॉफ्टवेअरचा वेगळा कप्पा त्यात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. विकत घेतलेली वस्तू पुढच्या वर्षी कुठल्या मशीनवर चालेल, ही माहिती दर्जात मोडत नाही तर कशात मोडते? मला वाटतं, लॉक लावून सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकाला एवढं बंधन घालावं: नवी सिस्टीम बाजारात आली की सहा महिन्यांत, गिऱ्हाइकाला लेखी, हो किंवा नाही. ‘नाही’ असेल तर लॉक उघडून द्यावं, म्हणजे जुन्या मशीनवरच्या फायली तरी माणसाला शांतपणे बाहेर काढता येतील. या दुसऱ्या अटीवर कंपन्या ओरडतील. ओरडू देत. ते लॉक चोराला अडवायला होतं; कंपनीनंच सोडून दिलेल्या आवृत्तीवर आता चोरायचं काय उरलं?

आणि ही रड एकट्या छपाईवाल्यांची समजू नका. दाताच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन, शिंप्याकडचं भरतकामाचं संगणकी यंत्र, पतपेढीतलं खातेवहीचं सॉफ्टवेअर, कुठल्यातरी छोट्या कंपनीच्या ‘कळवतो’वर ही सगळी टेकलेली असतात. त्यांच्याकडे लेख लिहायला वेळ नाही. खरं तर माझ्याकडेही नाही. दोन अंकांची मुखपृष्ठं व्हायची आहेत.

मी ठरवलंय ते असं. यंदाचे अंक जुन्या मशीनवर, जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीनंतर येणारं प्रत्येक नवं काम युनिकोडमध्ये, मग ताई कितीही कुरकुरोत. २००३ पासूनच्या फायलींपैकी ज्यांच्या दुसऱ्या आवृत्तीची शक्यता आहे त्या आधी बदलून घ्यायच्या, बाकीच्यांची पीडीएफ काढून ठेवायची. एक जुनं मशीन इंटरनेट तोडून, लॉकसकट, कोपऱ्यात राखायचं. कंपनीनं उद्या ‘हो’ कळवलं तरी यात आता फरक पडणार नाही. त्यांनी वाट बघायला लावलेल्या काळात त्यांचं एक गिऱ्हाईक त्यांच्याशिवाय जगायची तयारी करून बसलं.

वार्षिक देखभाल कराराचं बिल मात्र गेल्या आठवड्यात वेळेवर आलं. ३० सप्टेंबरच्या आत भरलं नाही तर दंड, असं ठळक अक्षरात. त्याच बिलाच्या मागे माझे दोन प्रश्न लिहून मी ते परत पाठवलंय.